प्रकाशीय तंतू वलयजाल : केबलच्या लांबीची मर्यादा

काचतंतूंच्या केबलने संगणक-स्थानके वलयाकार जोडली असता केबलची कमाल लांबी दोन स्वतंत्र हिशेबांनी ठरते : एक शेजारच्या स्थानकांमधील अंतराचा व दुसरा संपूर्ण वलयाचा. दर सेकंदास १० कोटी बिट वाहून नेणारे ‘एफडीडीआय’ हे दुहेरी वलयाचे जाल याचे उत्तम उदाहरण होय. १९९० नंतरच्या दशकात वेगवान ईथरनेटमुळे ते मागे पडले.

स्थानकांमधील अंतर : बहुपथी तंतूच्या बाबतीत प्रेषक व ग्राही यांच्या दरम्यान ११ डेसिबेलपर्यंत प्रकाशक्षय चालतो. तंतूत दर किमी.ला १·५ व जोडांत एकूण २ डेसिबेल क्षय मानल्यास २ किमी.साठी ५ डेसिबेल खर्ची पडतात. शिल्लक ६ डेसिबेल असूनही २ किमी. हीच मर्यादा राहते. कारण अंतराबरोबर प्रकाशस्पंद पसरून एकमेकांत मिसळू लागतात. बंद स्थानकास वगळून प्रकाश पुढे नेणाऱ्या प्रत्येक स्विचात सु. २·५ डेसिबेल क्षय होतो. लागोपाठची ३ स्थानके बंद पडल्यास, जोडांचा क्षय तेवढाच धरला तरी, तंतूसाठी १·५ डेसिबेलच उरतात व चालू स्थानकांमध्ये एकूण १ किमी. तंतूच चालतो. म्हणून सर्व स्थानके चालू आहेत असे धरून केलेला आराखडा प्रत्यक्षात निरुपयोगी ठरू शकतो.

संपूर्ण वलय : तंतूत १ किमी. जाण्यास प्रकाशास सु. ५·०८५ मायक्रोसेकंद लागतात. केबल तुटल्यास प्रत्येकी १०० किमी.च्या दोन वलयांचे एकच वलय बनते; म्हणून हिशेब २०० किमी.चा करतात. त्याचे १,०१७ व १,००० जोडण्यांचे प्रत्येकी ०·६ प्रमाणे ६०० मिळून १,६१७ मायक्रोसेकंद हा कमाल विलंब येतो. प्रेषणाचा अधिकार देणाऱ्या टोकनाच्या फेरीची कालमापके यावरच बेतलेली असतात.