नफा पिणाऱ्याचा

फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनचे पैशाशी नाते जुनेच आहे. 1855 साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनच्या मळ्यांची प्रतवारी लावली, ती मुख्यतः वर्षानुवर्षांच्या बाजारभावावरून. लाफीत, मार्गो वगैरे चार मळे पहिल्या श्रेणीत बसले आणि त्या श्रेणीत पुढे भर पडली ती एकदाच, 1973 मध्ये मुतों-रोथशील्डची. आज याच नावांच्या पेट्या शेअर आणि सोन्याच्या शेजारी गुंतवणूक म्हणून मांडल्या जातात. 2000 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या लिव्ह-एक्स या बाजारात त्यांचे सौदे होतात, निर्देशांक निघतात. त्यात नफा नसतोच असे नाही. पण जो ही वाइन कधीच पिणार नाही त्याच्यासाठी हा सौदा दिसतो तितका किफायतशीर नाही. हिशेब खऱ्या अर्थाने जुळतो तो पिणाऱ्याचाच.

भाव मुळात का चढतो, ते आधी पाहू. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे कोवळी वाइन तुरट लागते, हिरड्या आवळून येतात. बाटलीत वर्षे सरतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात आणि त्यांतला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. तुरटपणा मवाळ होतो, जांभळट रंगावर विटकरी झाक येते, ताज्या फळांचा वास मागे पडून तंबाखू, देवदार, चामडे, ओली माती यांचे वास पुढे येतात. बाटली आडवी, अंधारात आणि बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली तरच हे नीट घडते. जगातली बहुतेक वाइन या वाटेला जातच नाही. ती काही वर्षांतच प्यायची असते, आणि नाशिकच्या बहुतेक रेड वाइनलाही हेच लागू पडते. बोर्दोच्या मोजक्या मळ्यांची चांगल्या सालातली वाइन वीस-तीस वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकते. दरम्यान त्या सालच्या बाकीच्या बाटल्या लोक पिऊन संपवतात. गेलेल्या सालाचा माल नव्याने बनवता येत नाही, म्हणून उरलेल्याला भाव येतो. न पिणाऱ्याचा नफा असा दुसऱ्या कुणाच्या तरी पिण्यावर उभा असतो.

आता तो नफा किती? डिम्सन, रूसो आणि स्पेनयर्स या अभ्यासकांनी बोर्दोच्या पाच नामांकित मळ्यांच्या वाइनचे शतकभराचे भाव तपासले आणि निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध केले. 1900 ते 2012 या काळात महागाई आणि साठवणुकीचा खर्च वजा जाता परतावा वर्षाला सरासरी 4.1 टक्के भरला. रोखे, चित्रे, टपाल तिकिटे यांच्यापेक्षा तो सरस होता, शेअरपेक्षा मात्र कमी. यावर 1982 चे उदाहरण हटकून पुढे केले जाते. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकाने त्या सालाची तोंड भरून स्तुती केली आणि वाइन पिंपात असतानाच पैसे मोजलेल्यांची चांदी झाली. पण असेच आगाऊ सौदे 2009 आणि 2010 च्या पिकासाठी विक्रमी भावाने झाले. 2008 मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर रद्द केल्यानंतर चीनमधून लाफीतला प्रचंड मागणी आली होती. 2011 च्या मध्याला भाव शिखरावर पोचले आणि मग घसरत गेले. शेअर पडतात तेव्हा वाइन तारते, हा दावाही पोकळ आहे. वरच्याच अभ्यासात दोन्हींचे भाव बहुधा एकाच दिशेने हलताना आढळले.

दुसरा आक्षेप अधिक मुळावर घाव घालतो. चवच भ्रम असेल तर पिणाऱ्याला तरी काय मिळते? बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. तो प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकच वाइन तीनदा पाजली. दर वेळी जवळपास सारखे गुण देणारे जेमतेम दहा टक्के निघाले. हे पुरावे खरेच आहेत, पण ते गुणांच्या अचूकतेवर शंका घेतात. बाटलीत घडणारा बदल त्यांनी खोटा ठरत नाही. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी दाखवले की मुरलेल्या बोर्दोच्या भावातला सालागणिक फरक बराचसा हवामानावरून सांगता येतो: आधीच्या हिवाळ्यात पाऊस, उबदार उन्हाळा, तोडणीच्या वेळी कोरडी हवा. शेवटी बाजार ज्याला पैसे मोजतो ते शेतात घडलेले असते. आणि गुण बेभरवशाचे असतील, तर फटका कुणाला? शंभरपैकी 98 गुण पाहून पेटी घेणाऱ्याला. पिणाऱ्याला स्वतःची जीभ पुरते.

बनावटीचे संकटही असेच न पिणाऱ्याच्या वाट्याला अधिक येते. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पोंसो या वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या जुन्या सालांच्या बाटल्या आल्या. त्या साली हे घराणे ती वाइन बनवतच नव्हते. ज्याच्या मालातल्या त्या बाटल्या होत्या, त्या रूडी कुर्नियावानला पुढे 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. न उघडता हातोहात फिरणाऱ्या बाटलीत असली फसवणूक दशके लपून राहते. म्हणून बाटली कुठून आली, कुठे ठेवली होती, बुचाखालची पातळी किती उतरली आहे, हे तपासूनच घ्यावे. इंग्लंडमधल्या जुन्या रसिकांची रीत अशी की दोन पेट्या घ्यायच्या, भाव चढला की एक विकायची आणि दुसरी जवळपास फुकटात प्यायची. महाराष्ट्रात घरी बाटल्या साठवणाऱ्याला तेवढीही मोकळीक नाही, कारण परवान्याशिवाय दारू विकणे हा इथे गुन्हाच आहे. पण रीतीमागचा हिशेब इथेही लागू पडतो. भाव पडला तरी जेवढी वाइन आनंदाने पिऊन संपवता येईल तेवढीच घ्यावी. त्यापलीकडे घालायचे पैसे शेअरमध्ये घातलेले बरे.