रोपांची खानेसुमारी

महाबळेश्वरच्या पठारावरील रानात मे महिन्याच्या अखेरीस हातात दोरी, चार खुंट्या आणि नोंदवही घेऊन जी मोजकी माणसे शिरतात, त्यांचे काम दुरून पाहणाऱ्यास जमीनमोजणीसारखेच भासावे. मात्र त्यांची दृष्टी वरच्या पर्णसंभाराकडे नसून पायांखालच्या भूमीकडे असते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यासमवेत तीन दिवस घालविण्याचा योग मला आला.

एक चौरस मीटरचा चौकोन आखावयाचा, पालापाचोळा बोटांनी हलकेच सारावयाचा, आणि खाली जे रोप दिसेल, मग ते करंगळीएवढे का असेना, त्याची जात ओळखून ते दप्तरी चढवावयाचे: अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा, गेळा. कोवळ्या अवस्थेत संशय आला तर पानाची कड नखाने दाबून हुंगतात. जांभळीचा उग्र दर्प लपत नाही. गतवर्षीच्या रोपांना क्रमांकाच्या चकत्या बांधलेल्या असतात, त्या आधी शोधतात.

मोठ्या वृक्षांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजला जातो, तेही काम मोलाचेच. परंतु शंभर वर्षांचा वृक्ष हा शंभर वर्षांपूर्वीच्या ऋतुमानाचा साक्षीदार असतो. आजच्या ऋतुमानाची साक्ष रोपच देते. अरण्य स्थलांतर करते म्हणजे वृक्ष चालू लागतात असे नव्हे. एका जागी रोपे तगेनाशी होतात, दुसऱ्या जागी तगू लागतात, एवढेच.

येथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. उरलेला कोरडा काळ ज्याला सोसवेल तेच झाड येथे टिकते. दक्षिण केरळात कोरडे महिने थोडे, उत्तरेकडे यावे तसे ते वाढत जातात, आणि म्हणूनच दक्षिणेतील कित्येक सदाहरित जाती वाटेतच थांबल्या आहेत. थंड देशांतील वृक्षांना उष्मा वाढल्यास उत्तरेची वाट मोकळी असते; सह्याद्रीत उत्तर म्हणजे अधिक दीर्घ उन्हाळा. वर जावे, तर एक अंश उष्णता टाळण्यास सुमारे दीडशे मीटर चढावे लागते, आणि या पठाराचा माथाच सुमारे १,४४० मीटरांवर संपतो. हा कोंडमारा मला फार अस्वस्थ करतो.

आमच्याबरोबर जवळच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. गळून पडलेली जांभळे दाखवीत ते म्हणाले, “हे बी वाळलं की मेलं बघा. भातावानी कणगीत राहत न्हाई. पाऊस येळेवर आला तरच रुजतंय.” वनस्पतिशास्त्रही हेच सांगते: जांभळीचे बीज शुष्कता सोसत नाही, फळ पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला ओल मिळावी लागते. मृगाचा पाऊस लांबला, तर त्या वर्षीची बहुतेक पिढी उगवण्याआधीच संपते. एखाद्या वर्षाने रान बदलत नाही, आणि एका वर्षाच्या वहीवरून निष्कर्ष काढणे मला अनुचित वाटते. म्हणूनच ही मोजणी वर्षानुवर्षे चालली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी एका चौकोनात चकती सापडली, रोप नव्हते. तारेच्या वेढ्यात वाळकी काडी तेवढी उरली होती. शेऱ्याच्या रकान्यात ‘मृत’ असे लिहून चकती पिशवीत गेली. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या रोपास द्यावयाचा नाही, असा तेथला शिरस्ता आहे.