बाजूची एअरबॅग आणि न विझणारा दिवा

लातूर–अंबाजोगाई मार्गावरील रेणापूर हे तालुक्याचे ठिकाण. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवरून हमरस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची या परिसरात वर्दळ असते. अशा तिठ्यांवर होणारी टक्कर पुष्कळदा समोरून न बसता बाजूने बसते. मोटारीच्या पुढील भागात धक्का सोसण्यास इंजिन व पत्रा तरी असतो. बाजूस मात्र प्रवासी व दरवाजा यांत जेमतेम वीतभर अंतर. ही उणीव भरून काढण्यासाठी आसनाच्या पाठीत, दरवाजाच्या अंगास, बाजूची एअरबॅग बसविलेली असते. धक्का जाणवताच सेकंदाच्या अवघ्या काही शतांश भागांत ती फुगते व बरगड्यांना आधार देते.

चालकासमोरील एअरबॅग आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीही २०२१ मध्ये तशीच सक्ती आली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो विचार बाजूस ठेवण्यात आला. तथापि अनेक कारखानदार आता बाजूच्या एअरबॅगा आपण होऊन देतात. साहजिकच त्यांतील दोषांचा प्रश्न तालुक्याच्या गॅरेजपर्यंत येऊन पोहोचला आहे.

किल्ली फिरविली की चालकासमोरील फलकावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो व विझतो. याचा अर्थ यंत्रणेने स्वतःची तपासणी करून घेतली, असा होय. दिवा विझलाच नाही, तर कोठेतरी दोष आहे. अशा वेळी काही मोटारींत सारी यंत्रणाच बंद राहते; म्हणून एकही एअरबॅग फुगणार नाही असे धरून चालणेच शहाणपणाचे. दिवा मुळीच लागला नाही, तरीही संशय घ्यावा. वापरलेली मोटार विकताना तो काढून टाकण्याची लबाडी केली जाते. विद्युत मंडलात एअरबॅगऐवजी साधा रोधक जोडून दिवा विझविणे हा तिचाच दुसरा, अधिक घातक प्रकार. दिवा विझतो, पण एअरबॅग मंडलाबाहेरच राहते.

दोष बहुधा आसनाखाली सापडतो. नियंत्रक पेटीतून निघालेल्या तारा तेथे बहुतेक मोटारींत पिवळ्या रंगाच्या जोडणीतून एअरबॅगला मिळतात. आसन पुढे-मागे सरकविताना त्या ताणल्या जातात. आसनाखाली कोंबलेली पाण्याची बाटली वा छत्री जोडणीस धक्के देते. पावसाचे पाणी तळाशी शिरले की टोकांवर हिरवट गंज चढतो. एअरबॅगच्या प्रज्वलकाचा रोध साधारणपणे दोन ओहमच्या आसपास असतो. नियंत्रक पेटी तो अल्पशा प्रवाहाने सतत मोजत असते. त्यामुळे गंजाने एक-दोन ओहमांची भर पडली तरी ती दोष नोंदविते. तपासणी यंत्र जोडल्यास हा दोष कोणत्या बाजूचा, तसेच तार तुटल्याचा, रोध वाढल्याचा की तार मोटारीच्या पत्र्यास टेकल्याचा, हे सांकेतिक क्रमांकावरून कळते.

तार तपासण्यापूर्वी किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व कारखानदाराच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगावी यासाठी नियंत्रक पेटीत वीज साठविलेली असते. ती ओसरण्यास काही मिनिटे लागतात. साध्या मीटरने एअरबॅगचा रोध कदापि मोजू नये, तसेच तिच्या तारांना चाचणीदिवा लावू नये. त्या प्रवाहानेही ती फुगू शकते, आणि जवळ वाकलेल्या कारागिरास गंभीर इजा होऊ शकते.

पुस्तिकेतील पद्धत अशी : जोडणी सोडवून एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रोधाचा चाचणीरोधक लावावा, बॅटरी पुन्हा जोडावी व नोंद पाहावी. दोष नाहीसा झाला, तर तो एअरबॅगकडे किंवा तिच्या टोकांत आहे. टिकून राहिला, तर तारांत वा नियंत्रक पेटीत. येथे जाणत्या कारागिराचीही फसगत होते. जोडणी सोडविताच अपघाती प्रवाह टाळण्यासाठी आतील धातूची पट्टी दोन्ही टोके एकमेकांस जोडते. हे ठाऊक नसलेला कारागीर मीटर पाहून 'तारा एकमेकींस चिकटल्या' असा निष्कर्ष काढतो व चांगल्या तारा बदलतो.

गंज वा सैल जोडणी आढळल्यास पुस्तिकेप्रमाणे तो भाग बदलावा. तारेला गाठ मारून डाक देणे योग्य नव्हे. एअरबॅग दुरुस्त होत नाही, ती बदलावीच लागते. आसनाची शोभिवंत आच्छादनेही तपासावीत. शिवण एअरबॅगच्या जागी उघडी वा उसवणारी नसेल, तर सुस्थितीतील एअरबॅगही अडते.

काम झाल्यावर दोषाची नोंद पुसून चाचणीरोधक काढल्याची खात्री करावी. मग किल्ली चालू ठेवून आसन पूर्ण पुढे व पूर्ण मागे सरकवावे, थोडे खडबडीत रस्त्यावरूनही फिरवून आणावे. दिवा पुन्हा लागला, तर तार अजून कोठेतरी ताणत आहे.