आगोटची बेगमी

स्वयंपूर्ण ग्रामजीवनाविषयी सुशिक्षित नगरवासीयांच्या मनात अलीकडे जी ओढ उत्पन्न झाली आहे आणि जिच्यापायी कित्येक तरुण कुटुंबे सह्याद्रीच्या पायथ्याशी जमिनीचा एखादा तुकडा खरीदण्याच्या खटपटीस लागलेली दिसतात, ती ओढ मला सर्वथा आदरणीय वाटते. परंतु जमीन नावावर चढली की स्वयंपूर्णता हस्तगत झाली, असा जो समज तिच्याबरोबर रूढ होत आहे, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. कोकणातील ज्या कुळवाडी घरांनी पिढ्यानपिढ्या आपल्या अन्नाचा, निवाऱ्याचा आणि औषधपाण्याचा बहुतेक भार स्वतःच्या हातांनी उचलला, त्यांच्याजवळ जमीन फारशी नव्हतीच, आणि होती तीही पुष्कळदा खोताच्या, म्हणजे गावच्या वतनदार जमीनदाराच्या, मालकीची. त्यांच्याजवळ होते ते कालज्ञान. कोणता जिन्नस कोणत्या पंधरवड्यात हाती येतो, तो किती दिवस टिकतो आणि ती वेळ चुकली तर वर्षभर कशावाचून राहावे लागते, याचा हिशेब त्या घरांतील माणसांना मुखोद्गत असे.

या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा म्हणजे आगोट, अर्थात मृगाच्या अलीकडचे दोन-तीन आठवडे. कोकणपट्टीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. साकव वाहून गेला, पऱ्ह्याला पूर आला की वाडीचा बाजाराशी संबंध तुटे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. ओले सरपण पेटत नसे आणि ऊन तर आठवडेच्या आठवडे दृष्टीस पडत नसे. तेव्हा चार महिन्यांचे मीठ, मिरची, डाळी, लाकूडफाटा, शेणी, गुरांचा पेंढा, सुके बोंबील, सोडे, खारा बांगडा, हे सारे मृगाच्या आत घरात येऊन पडणे हा सोयीचा भाग नसून जगण्याचाच भाग होता.

या बेगमीतील एकच जिन्नस घेऊन पाहू. रातांबे पिकतात ते चैत्र-वैशाखात. फळ फोडून बी व गर निराळा काढायचा, गराच्या रसात मीठ घालून आगळ करायचे, साली उन्हात वाळवायच्या, त्याच आगळात बुडवून पुन्हा वाळवायच्या, आणि त्या काळ्याभोर व मऊ होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा, तेव्हा कुठे वर्षभर टिकणारी आमसुले तयार होतात. बीही वाया जात नाही. ते वाळवून, कुटून पाण्यात उकळले की वर मेदाचा तवंग येतो. तो थंडावला की थिजतो आणि मग त्याचे मुठीएवढे गोळे वळून ठेवतात. आषाढात लावणीच्या चिखलात दिवसदिवस उभ्या राहिलेल्या बायकांच्या भेगाळलेल्या टाचांवर हेच मुठेल चोळले जाते, म्हणजे वैशाखातल्या फळाने आषाढातल्या दुखण्याची तजवीज आधीच केलेली असते. पण या सगळ्या खटाटोपाला मिळणारे ऊन मोजके असते. वळवाची एक सर अंगणात अवचित आली तर साली काळवंडण्याऐवजी बुरसतात, आंबोशीला वास येतो, फणसाची साटे चिकट होऊन फुकट जातात. म्हणून त्या दिवसांत घरातील म्हातारीकोतारी आभाळाकडे डोळे लावून पडवीत बसलेली असत, आणि त्यांच्या एका हाकेसरशी सारे घर अंगणात धावत येई. बरक्या फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवायच्या, कौले परतायची किंवा पेंढ्याने घर शाकारायचे, बांबूच्या कामट्यांची इरली विणून पानांनी मढवायची, हीही कामे याच दिवसांतली. आणि यांतील प्रत्येक कामाला हाताचे निराळे कसब लागते, जे पुस्तकावरून येत नाही.

आगोटीच्या कितीतरी आधी, फाल्गुनाच्या सुमारासच, भाताच्या राबाची भाजावळ सुरू होते. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, निवडलेल्या जागेवर शेण पसरायचे, त्यावर झाडांच्या डहाळ्यांचा कवळ रचायचा, त्यावर पालापाचोळा व गवत घालायचे, वरून बारीक मातीचा थर द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावायची, म्हणजे ती भडकून न जाता सावकाश धुमसत सरकते. त्या उष्णतेने जमिनीतील तणाचे बी जळते, राख खत म्हणून मुरते आणि माती भुसभुशीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने कवळतोडीवर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे-कुलाबा भागांतील रयत जी खवळून उठली, ती या प्रक्रियेत तिची सारी शेती गुंतलेली होती म्हणूनच. आज या पद्धतीवर अनेक आक्षेप घेतले जातात आणि शेण जाळण्यापेक्षा ते कुजवावे हे मलाही मान्य आहे. परंतु तणनाशकाच्या डब्यावाचून तण मारण्याची युक्ती ज्यांनी शोधली, त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.

आता अन्नाचा ठोक हिशेब करू, कारण स्वप्नाळू माणसाची फसगत बहुधा येथेच होते. माणशी रोज चारशे ग्रॅम तांदूळ धरला, आणि कष्टाच्या कामात तो अधिक नाही, तर पाच माणसांच्या घराला वर्षास सुमारे ७३० किलो तांदूळ लागतो. भाताचा तांदूळ दोन-तृतीयांश उतरतो असे मानले तर त्यासाठी कणगीत अकरा क्विंटल भात यावयास हवे. जुन्या वाणांचे उत्पन्न एकरी आठ-दहा क्विंटल धरले तरी एक एकराहून अधिक खाचर त्यास हवे, शिवाय बियाणे निराळे. त्यातच खोती मुलखात खाचराच्या उत्पन्नाचा अर्धा हिस्सा अर्धेलीच्या रूपाने आणि वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा तिर्धेलीने खोताच्या घरी जाई. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द होईपर्यंत हीच वहिवाट होती. म्हणूनच त्या घरांचे खरे पोशिंदे पीक तांदूळ नव्हे. डोंगरउतारावरच्या वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरी, मग हरीक किंवा तीळ आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक, अशा फेरपालटीने पिकणारे हलके धान्य त्यांना तगवीत असे. तांदूळ पुष्कळांच्या पानात सणावारालाच पडे.

तरीही आषाढात कणगीचा तळ दिसू लागे, आणि त्याच वेळी रान हिरवे होई. पहिल्या सरींबरोबर शेवळं जमिनीतून डोके काढतात, ती मोजके दिवसच मिळतात. त्यांच्यात घशाला खाजवणारे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर नीट शिजवावी लागतात. ज्याने हे शिकून घेतलेले नाही त्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. टाकळ्याची पाने कोवळी असतानाच खुडायची, भारंगीची पाने उकळून कडू पाणी टाकून द्यायचे, कुर्डू, फोडशी, दिंडा, कंटोली यांची जागा व पाळी ओळखायची, ही विद्या घरातील मुलींना आजीच्या मागोमाग डोंगर चढतानाच मिळे. रानभाजी ही आता शहरांत महोत्सवाची वस्तू झाली आहे, याचा मला आनंदच आहे. परंतु ती मुळात कणगीच्या उणिवेची भरपाई होती आणि ती मिळण्यासाठी सगळ्या गावाचे म्हणून राखलेले रान लागे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कवळ, सरपण, गवत, इरल्याची पाने, रानभाजी, यांपैकी काहीही एकट्या घराच्या हद्दीत मावत नाही. गायरान आणि देवराई यांवाचून कोणतेही कोकणी घर स्वयंपूर्ण झालेले नाही, आणि चहूबाजूंनी तारेचे कुंपण घालून आत स्वयंपूर्ण होऊ पाहणाऱ्यांनी प्रथम विचार करावा तो याचा.

ही घरे पूर्णतः स्वयंपूर्ण होती असेही नव्हे. लोखंड, कापड व मीठ विकतच घ्यावे लागे, आणि गेल्या शतकात तर मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याने धाडलेली मनिऑर्डर हाच पुष्कळ घरांचा आधार होता. मागे उरलेल्या बायकांनी मात्र दळण, कांडण, पाणी, सरपण आणि गुरे सांभाळून शेतीही केली. जुन्या जीवनाची थोरवी गाताना त्यांच्या या अपार कष्टांचा उल्लेख जे टाळतात, त्यांच्याशी माझा तीव्र मतभेद आहे. कणगी भरली ती या बायकांच्या पाठीच्या मोलाने.

बियाणेही त्यांनीच राखले. काकडी-भोपळ्याचे बी शेणात कालवून भिंतीला थापायचे, वालाला राख चोळून ते मडक्यात भरायचे, मक्याची कणसे चुलीच्या धुरावर टांगायची, अशा साध्या उपायांनी वाण पिढ्यानपिढ्या टिकले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहताही देशी वाणांची बियाणे-बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या दुर्लक्षित विद्येला राजमान्यता लाभली. त्यांचे गाव घाटमाथ्यापलीकडचे, तेथील पाऊसपाणी निराळे. परंतु कोकणातील कित्येक वाड्यांत आज घरचे काकडीचे बीसुद्धा उरलेले नाही, तेथे हा धडा अगत्याने गिरवण्याजोगा आहे.

दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचे कुटुंब सुखाने राहू शकते, असे प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर सांगत असत. ते मूळचे गणिताचे अध्यापक, आणि त्यांचा हिशेब भाताच्या खाचराचा नव्हे, तर पानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा होता; घरच्या काडीकचऱ्यापासून माती कशी घडवावी, हे त्यांनी अनेकांस शिकवले. नव्याने गावी जाऊन राहणाऱ्याने वरकस आणि खाचर यांच्या मागे लागण्याआधी हा दहा गुंठ्यांचा हिशेब करावा, असे माझे मत आहे. मात्र आरंभ मृगात करू नये. मार्गशीर्षात करावा, म्हणजे खतखड्डा भरण्यास पाच-सहा महिने मिळतात, विहिरीचे पाणी वैशाखात कोठवर उतरते ते कळते, आणि वालाची व चवळीची पहिली शेंग बियाण्यासाठी वेलावरच वाळू देता येते. पहिल्या वर्षी भाजी, कंद आणि कुळीथ एवढेच लावावे. रातांबा, फणस आणि शेवगा यांची रोपे पावसाच्या तोंडावर गडग्याच्या कडेने लावून ठेवावीत. आणि शेजारच्या वाडीत आगोटीची कामे जिला येतात अशी जी कोणी आजी असेल, तिच्याकडे वैशाखाचा महिनाभर रोज सकाळी जाऊन बसावे.