सुपरमार्केटमधली वाइन कुठे अडली?

२७ जानेवारी २०२२. सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी! मीम्सचा पाऊस पडला. अट होती, दुकान किमान १०० चौरस मीटरचं हवं. भाजपने विरोध केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. जूनमध्ये सरकारच बदललं आणि निर्णय कागदावर राहिला.

पण वाइन उद्योगाचा सरकारशी असलेला खरा व्यवहार शेल्फवर नाही, टॅक्समध्ये आहे.

दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. वाइनवर तो २० टक्के. प्रोत्साहन योजनेत त्यातले १६ टक्के वायनरीला परत मिळतात, पण वाइन राज्यातल्या द्राक्षांची हवी. मधे बंद पडलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा सत्तेत भाजपही होता. यावर मात्र मीम्स आले नाहीत.

यात शेतकरी कुठे? वाइनच्या द्राक्षांच्या जाती वेगळ्या असतात, उदा. शिराझ, शेनिन ब्लाँ. दाणे छोटे, बियांचे. टेबल द्राक्षं म्हणून बाजारात त्यांना कोण विचारणार? वायनरीने माल उचलला नाही तर शेतकरी अडकलाच. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, तेव्हा नाशिकमध्ये अनेकांनी वेली उपटून टाकल्या होत्या.

म्हणून परताव्याची फाइल मंत्रालयात रखडली की वायनरीचं खेळतं भांडवल आटतं. पुढच्या हंगामात द्राक्षं किती घ्यायची, हे त्यावरही ठरतं.