पाऊस थोडा, बर्फ अफाट

मोताळ्याला शिक्षकांशी गप्पा मारताना एका बाईंनी आम्हाला विचारले, "अंटार्क्टिकावर एवढा बर्फ आहे, म्हणजे तिथे आपल्या पावसाच्या कितीतरी पट हिम पडत असेल ना?"

उत्तर उलटे आहे. बुलडाणा जिल्ह्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षभर पडलेले हिम वितळवले, तर पाणी जेमतेम ५० मिलिमीटर भरेल. पावसाच्या हिशेबाने ते वाळवंटच!

फरक खर्चात आहे. मोताळ्याचे पाणी नळगंगेतून वाहते, जमिनीत मुरते, उन्हाने उडून जाते. त्या पठारावर मात्र उन्हाळ्यातही तापमान शून्याच्या बरेच खाली असते. पडलेले हिम तसेच राहते, त्यावर पुढच्या वर्षीचे पडते. वजनाने खालचे थर दबतात आणि त्यांचा टणक बर्फ होतो. 'डोम सी' या ठिकाणी सुमारे सव्वातीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा तळाजवळचा बर्फ आठ लाख वर्षांचा निघाला.

किनाऱ्याजवळ हिम जास्त साठते. भारताने १९८३-८४ मध्ये तिथल्या बर्फावर उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' ठाणे काही वर्षांतच हिमाखाली गाडले गेले. ते १९९० साली सोडावे लागले. त्यानंतरचे 'मैत्री' आपण शहाणपणाने खडकावर बांधले.

एकूण साठा सुमारे २ कोटी ७० लाख घन किलोमीटर. आकडा मोठा असला की मुले नुसती मान डोलावतात, म्हणून फळ्यावर भागाकार करावा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. हा सगळा बर्फ राज्यावर पसरला तर थर होईल सुमारे ८८ किलोमीटरचा, एव्हरेस्टच्या जवळजवळ दहापट!

खर्च अगदीच नाही असे नाही. एवढ्या वजनाखाली बर्फ काकवीसारखा, पण फारच सावकाश, किनाऱ्याकडे सरकतो. तिथे तो तुटतो, वितळतो. २००२ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार हा खर्च जमेपेक्षा वर्षाला सुमारे दीडशे अब्ज टनांनी जास्त आहे. त्याने समुद्राची पातळी दरवर्षी ०.४ मिलिमीटर वाढते.

"पण ग्लासात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही," बाई म्हणाल्या. बरोबर. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून असतो, जमिनीवरचा नाही. दोन ग्लास घ्या. एकात बर्फाचा खडा पाण्यात सोडा, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या दगडावर ठेवा. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि तास संपेपर्यंत मुलांना पाहू द्या.