विमानाआधी घडणारे साचे

मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझर हे गाव १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, विमान कारखान्यामुळे देशभर ओळखले जाते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते, त्या काळात सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ बांधण्याचे काम तीन ठिकाणी वाटले गेले. इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अखेरची जुळणी ओझरला. या विमानांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी विमानाचा पहिला भाग तयार होण्याआधी जे साचे आणि जुळणीचे सांगाडे घडवावे लागतात, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आणि परदेशी तंत्रज्ञान आपल्या हाती नेमके कधी येते, हे समजून घ्यायचे तर तिकडेच पाहावे लागते.

पत्र्यातून ठरावीक आकार कापणाऱ्या किंवा त्याला वाकवणाऱ्या साच्याच्या खालच्या भागाला डाय आणि वरून दाब देणाऱ्या भागाला पंच म्हणतात. ज्यात काम घट्ट धरले जाते ते फिक्स्चर, तर जे हत्याराला वाट दाखवते किंवा अनेक भाग नेमक्या जागी धरून ठेवते ते जिग. आणि या सर्व वस्तू जिथे बनतात ती टूलरूम. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा कापताना पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर इतकीच फट, म्हणजे क्लिअरन्स, ठेवावी लागते. ती कमी पडली तर पंचाची धार लवकर मरते आणि जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर, म्हणजे खरखरीत काठ, राहतो. डायसाठीचे क्रोमियमयुक्त पोलाद उष्णता देऊन कठीण करताना किंचित आकार बदलते, म्हणून अखेरचे माप हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग करून किंवा वायरकट यंत्रावर, विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवत, गाठले जाते.

मोटारीच्या पत्र्याच्या एखाद्या भागाची डाय लाखो नग काढते, त्यामुळे तिचा खर्च प्रत्येक नगावर नगण्य होतो; लढाऊ विमाने मात्र काही शेकड्यांतच बनतात, तरीही त्यांचे वेगवेगळ्या आकाराचे भाग हजारोंनी असतात. या अडचणीवर विमान उद्योगाने रबर प्रेसचा उपाय शोधला, ज्यात साच्याचा एकच अर्धा भाग, म्हणजे फॉर्म ब्लॉक, घडवला जातो आणि दुसऱ्या अर्ध्याचे काम जाड रबराची गादी करते. दाब काढताच पत्रा थोडा मागे उसळतो, याला स्प्रिंगबॅक म्हणतात, म्हणून काटकोन हवा असेल तर ब्लॉकवर तो दोन-तीन अंश अधिक वाकवून घ्यावा लागतो. ड्युरॅल्युमिनसारख्या मिश्रधातूचा पत्रा तापवून पाण्यात विझवल्यावर थोडाच वेळ नरम राहतो आणि मग आपोआप कडक होऊ लागतो, त्यामुळे तो लगेच घडवावा लागतो किंवा तोपर्यंत शीतपेटीत ठेवावा लागतो.

सर्वांत अवघड काम जुळणीच्या मोठ्या जिगचे असते. अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते आणि पोलाद जेमतेम १२ मायक्रॉन. म्हणजे पोलादी जिगवर बसवलेला पाच मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग तापमान २० अंशांनी चढल्यास जिगपेक्षा मिलिमीटरहून अधिक लांब होतो. नाशिक परिसरात थंडीच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि उन्हाळ्यात चाळिशीकडे सरकतो, तेव्हा रिव्हेटची भोके कोणत्या तापमानाला पाडायची हा प्रश्न इथे किरकोळ राहत नाही.

यावरून परवान्याखालील उत्पादनाचा खरा अर्थ उलगडतो. सन २००० मध्ये १४० सुखोई-३० एमकेआय भारतात बांधण्याचा करार झाला, तेव्हा ओझरचे काम तयार भागांच्या जुळणीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने कच्च्या मालापासून भाग घडवण्यापर्यंत जायचे होते. जुळणीच्या टप्प्यावर तयार भाग बाहेरून येत असतात. कच्च्या मालाच्या टप्प्यावर मात्र प्रत्येक भागासाठी साचा, मापक आणि फिक्स्चर हाताशी असावे लागतात. आराखडे करारानुसार मिळतात, पण त्या पत्र्याचा स्प्रिंगबॅक किती धरायचा, हे इथल्या प्रेसवर इथल्या माणसांनी चाचण्या घेऊन, ब्लॉक पुन्हा पुन्हा घासूनच ठरते. हे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही, म्हणूनच ते जपणारा टूलरूमचा कारागीर यंत्राइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. वर्षाला आठ विमानांच्या क्षमतेने सुरू झालेली ही तेजसची तिसरी उत्पादनमाला आहे. आता जिगची मापे लेझर ट्रॅकरने तपासता येतात आणि साचे संगणकीय आराखड्यावरून सीएनसी यंत्रावर कापता येतात, त्यामुळे पूर्वी महिनोन्‌महिने चालणारे काम बरेच आटोपशीर झाले आहे. तरीही आयटीआयमधून टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला पंच आणि डाय एकमेकांत न अडकता बसवणे, शाई लावून कुठे घासते ते ओळखणे आणि तेवढेच घासणे, हे जुन्या कारागिराशेजारी उभे राहूनच शिकावे लागते.